इंग्लंडमध्ये दातांसाठी एनएचएस की प्रायव्हेट?

सुट्टीत पुण्याला जाऊन दातांची सगळी कामे एकदाच उरकून घ्यायची, ही इथल्या अनेक मराठी कुटुंबांची जुनी सोय एप्रिल ते ऑगस्ट २०२१ या काळात भारत ब्रिटनच्या करोनाकाळातील कडक प्रवास-निर्बंधांच्या ‘रेड लिस्ट’वर असल्यामुळे जवळजवळ बंदच झाली होती. आता वाट मोकळी झाली असली, तरी ठणकणारी दाढ विमानाच्या तिकिटापर्यंत थांबत नाही, आणि मग प्रश्न उरतो तो एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट की प्रायव्हेट एवढाच.

अपॉइंटमेंट मिळण्याच्या बाबतीत प्रायव्हेट उजवे आहे, हे मान्यच करायला हवे. करोनामुळे २५ मार्च २०२० ला थांबलेली नेहमीची दंतसेवा ८ जूनपासून पुन्हा सुरू होऊ लागली, तेव्हा ड्रिल वापरल्यानंतर खोली तासभर रिकामी ठेवण्याची अट होती. पुढे ती सैल झाली, तरी एनएचएसच्या दवाखान्यांना २०२१ च्या अखेरीसही करारातील कामाच्या ६५ टक्केच काम करण्याचे उद्दिष्ट होते. ज्या दवाखान्यात एनएचएससाठी ‘सध्या नवे पेशंट घेत नाही’ असे ऐकवले जाते, तिथेच प्रायव्हेट म्हटल्यावर पुढच्या आठवड्यातली वेळ मिळते. हे मनाला लागते खरे, पण त्यात रिसेप्शनवरच्या बाईंचा काही दोष नसतो.

तरीही माझे मन प्रायव्हेटवरून उडाले ते अंदाजपत्रकामुळे. दाढेसाठी गेलो तेव्हा सांगितलेला आकडा मला परवडणारा वाटला होता. मग एक्स-रे वेगळा निघाला, पीपीई किटचा खर्च बिलात वेगळ्या ओळीत आला, आणि रूट कॅनॉल सुरू झाल्यावर ‘आणखी एक बैठक लागेल’ असे इतक्या सहजपणे सांगण्यात आले की, तोंड उघडे आणि हिरडी बधिर असलेल्या माणसाने त्यावर घासाघीस तरी कशी करावी? काम उत्तम झाले, डॉक्टर सौजन्याने वागले, याबद्दल तक्रार नाही. परंतु प्रत्येक भेटीआधी पोटात गोळा यायचा तो सुईमुळे नव्हे, पैशांमुळे.

एनएचएसमध्ये उपचारांचे ठरावीक शुल्काचे गट, म्हणजे बँड, असतात. दुसऱ्या बँडचे शुल्क (२०२१ मध्ये ६५.२० पौंड) भरले की त्या उपचारक्रमातली तपासणी, एक्स-रे, लागतील तितकी फिलिंग, रूट कॅनॉल आणि दात काढणेही त्यातच येते. कॅप बसवायची झाल्यास तिसरा बँड लागतो आणि रक्कम बरीच वाढते (२०२१ मध्ये २८२.८० पौंड), पण तोही आकडा आधीच ठाऊक असतो. मागच्या दाढेचे रूट कॅनॉल अवघड असेल तर काही डॉक्टर ती काढण्याकडे कल दाखवतात, असे म्हणतात. मला तसा अनुभव आलेला नाही, इतकेच सांगू शकतो. अठरा वर्षांखालील मुलांचे उपचार मोफत असल्याने त्यांच्यापुरता तर हा प्रश्नच उद्भवू नये.

ज्यांना कामावरून सुट्टी मिळणे कठीण आहे, किंवा ज्यांची कंपनी दातांचा विमा देते, त्यांनी खुशाल प्रायव्हेटकडे जावे, मात्र खुर्चीत बसण्याआधी उपचाराचा पूर्ण खर्च लेखी घ्यावा. इतरांनी थोडी चिकाटी धरावी, असे मला वाटते. एनएचएसच्या डेंटिस्टला जीपीसारखी, म्हणजे फॅमिली डॉक्टरसारखी, हद्द नसते, त्यामुळे शेजारच्या गावातल्या दवाखान्यांनाही फोन करावेत आणि रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव घालायला सांगावे. गाल सुजला असेल किंवा दुखण्याने झोप लागत नसेल, तर यादीची वाट न पाहता थेट एनएचएसच्या १११ या हेल्पलाइनवर फोन करावा.