कार्बोरेटर रिपेअर किट: रबरासाठी घ्या, जेट आणि निडल मापल्याशिवाय बसवू नका

माझी गाडी १२५ सीसी, कार्बोरेटरवाली, सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे चाललेली. आधी ५५ च्या आसपास ॲव्हरेज द्यायची, मग हळूहळू कमी होत होत ४० वर आली तेव्हा मी हे रिपेअर किट मागवलं. आता बसवून चार महिने झालेत म्हणून सविस्तर लिहितोय, कारण घेण्याआधी मी जे रिव्ह्यू वाचले त्यात सगळ्यांनी "मस्त आहे, फिट बसलं" एवढंच लिहिलंय आणि किट बसवल्यावर ॲव्हरेजचं काय झालं ते कुणीच मोजलेलं नाही.

किटमध्ये येतं काय ते आधी सांगतो. मेन जेट, पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा पितळी पार्ट), जेट निडल (थ्रॉटलसोबत वरखाली होणारी सुई), तिची उंची ठरवणारी बारकी क्लिप, निडल जेट (म्हणजे निडल ज्या पितळी नळीत वरखाली होते ती), फ्लोट निडल (बाऊल भरला की येणारं पेट्रोल बंद करते ती), हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू त्याच्या स्प्रिंगसकट, बाऊलचं (म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅसकेट आणि तीन-चार ओ-रिंग. सोबत माहितीचा कागद नाही, कुठल्या पार्टचं माप काय तेही कुठे लिहिलेलं नाही. हीच या किटची सगळ्यात मोठी कमी आहे, ती का ते पुढे येईलच.

किट हातात आल्या आल्या कार्बोरेटर खोलू नका. आधी ॲव्हरेज खरंच किती आहे ते मोजा, कारण रिझर्व्हला लागली की रिझर्व्हला लागली असं मोजलं तर आकडा खूप फिरतो. मी गाडी मेन स्टँडवर लावून टाकी एका ठराविक खुणेपर्यंत भरायचो, चालवायचो आणि परत त्याच खुणेपर्यंत भरायचो. पहिल्यांदा २८६ किमीला ७.१ लिटर गेलं, म्हणजे ४०.३. दुसऱ्यांदा २५४ किमीला ६.२ लिटर, म्हणजे ४१. दोनदा सारखं आलं तेव्हाच पुढचं काम सुरू केलं. टायरचा साईज बदलला असेल तर किलोमीटरचा आकडाच चुकीचा पडतो हेही लक्षात ठेवा.

मग जे फुकटात बघता येतं ते बघितलं. मागचं चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबत होतं, ब्रेक शू घासत होता. चेन जास्त ताणलेली. हवा दोन्ही टायरला कमी. एअर फिल्टर काळा पडलेला. हे सगळं नीट केलं आणि कार्बोरेटरला हातही न लावता पुढच्या टाकीला ३०१ किमीला ६.८ लिटर, म्हणजे ४४.३ आलं. म्हणजे किट न बसवताच जवळजवळ चार किलोमीटर परत मिळाले! किट घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं असं मी मनापासून सांगेन, नाहीतर किट चांगलं की वाईट ते कळणारच नाही. क्लच सटकत असेल, टॅपेट घट्ट असतील किंवा इंजिनला कॉम्प्रेशनच नसेल तर कार्बोरेटरमध्ये सोन्याचे जेट बसवले तरी काही होणार नाही.

पेट्रोलचं पण एक सांगतो. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ६ ते ७ टक्के ऊर्जा कमीच येते. ५५ ची गाडी त्यामुळे ५१-५२ वर येऊ शकते. पण ४० वर येत नाही, त्यामुळे एवढा मोठा फरक पडला असेल तर सगळं पेट्रोलवर ढकलून गप्प बसू नका.

माझा स्पार्क प्लग काढला तर कोरडी काजळी, म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त जातंय. (प्लग चालवून आल्यावर बघायचा, नुसत्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता गाडी उभी चालू ठेवून बघितला तर काळाच दिसणार.) एका मेकॅनिकने आधी नुसता स्क्रू फिरवून दिला होता आणि वर इंजिनचं काम निघालंय म्हणाला होता. इंजिन धूर देत नव्हतं, किकला दाब चांगला होता, म्हणून मी ते काम केलं नाही आणि ते बरंच झालं.

आता किट. पहिल्यांदा मी सगळेच्या सगळे नवीन पार्ट बसवले. जुनं काढायचं नवीन टाकायचं, असंच सगळे करतात. गाडी एका किकमध्ये चालू झाली, आवाज पण छान वाटला. दोन दिवसात सायलेन्सरच्या तोंडाशी काळं आणि मागे पेट्रोलचा वास. टाकी मोजली तर १९८ किमीला ५.३ लिटर, म्हणजे ३७.४. नवीन पार्ट टाकून ॲव्हरेज आधीपेक्षा सातने कमी झालं.

परत खोललं. जुना मेन जेट आणि किटचा मेन जेट, दोन्हीवर नंबर एकच, पण उजेडाकडे धरून बघितलं तर किटचा डोळ्यांना दिसेल एवढा मोठा. जेटवरचा नंबर काही बनवणाऱ्यांचा भोकाच्या व्यासावरून असतो तर काहींचा त्यातून किती पेट्रोल वाहतं त्यावरून, त्यामुळे नंबर जुळला म्हणजे जेट जुळला असं अजिबात धरू नका. निडल तर त्याहून वाईट निघाली. लेथवर काम करणाऱ्या मित्राकडे मायक्रोमीटर होता, त्याने दोन्ही निडल मापल्या तर किटची निडल सरळ भागात माझ्या जुन्या, घासलेल्या निडलपेक्षाही बारीक! क्लिपच्या खाचाही थोड्या वेगळ्या उंचीवर.

निडल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने बारीक असली तर काय बिघडतं असं वाटेल, मलाही वाटायचं. उदाहरण घ्या. निडल जेटचं भोक २.६० मिमी आणि त्यात निडल २.५० मिमी असेल तर पेट्रोल जायला जी गोल फट उरते ती ०.४० चौरस मिमी भरते. निडल २.४७ ची झाली तर तीच फट ०.५२ होते. निडल फक्त ०.०३ ने बारीक झाली आणि पेट्रोलची वाट जवळजवळ ३० टक्के मोठी झाली. आणि आपण रोजची गाडी चालवतो कुठे, तर पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर. तिथे राज्य या निडलचं आणि निडल जेटचं असतं, पायलट जेट आयडल आणि अगदी सुरुवातीला, मेन जेट पाऊणच्या पुढे. म्हणून ॲव्हरेज गेलं की सगळे मेन जेट नाहीतर स्क्रूच्या मागे लागतात आणि पेट्रोल जातंय भलतीकडूनच. जुन्या गाडीत निडल सतत थरथरून पितळी नळीला घासते, भोक अंडाकृती होतं, ते नुसतं साफ करून जागेवर येत नाही.

मग मी असं केलं, माझे जुने मेन आणि पायलट जेट स्वच्छ करून परत बसवले (क्लीनर स्प्रे आणि हवा मारून, तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं), निडल आणि निडल जेट पण जुनेच, आणि किटमधून फक्त फ्लोट निडल, गॅसकेट, ओ-रिंग आणि मिक्श्चर स्क्रू एवढंच वापरलं. २७० किमीला ५.९ लिटर, ४५.८. म्हणजे किटचा रबरी माल कामाचा आहे. जुन्या फ्लोट निडलच्या टोकाला गोल खाच पडलेली होती, ती नीट बसत नव्हती म्हणून बाऊलमध्ये पेट्रोल वर चढत होतं, आणि लेव्हल वर गेली की आयडलपासून फुल थ्रॉटलपर्यंत सगळीकडेच रिच होतं. ड्रेनच्या तोटीला पारदर्शक नळी लावून ती बाऊलच्या बाजूला उभी धरा, स्क्रू सैल करा, पेट्रोल कुठपर्यंत चढतं ते बाहेरूनच दिसतं. माझं आधी गॅसकेटच्या वर जात होतं, किटची फ्लोट निडल टाकल्यावर खाली आलं आणि आजही तिथेच आहे. या एका पार्टसाठी किटला पूर्ण मार्क.

शेवटी गाडीच्या कंपनीची ओरिजिनल निडल आणि निडल जेट जोडीने मागवली, क्लिप मधल्या खाचेत लावली. (क्लिप वरच्या खाचेत घेतली की निडल खाली बसते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी जातं, खालच्या खाचेत घेतली की उलट.) ३२५ किमीला बरोबर ६ लिटर. ५४.२! टाकी भरताना मी तो आकडा दोनदा तपासला, एवढा आनंद झाला होता. त्यानंतर चार महिन्यांत ५३ च्या खाली आलेलं नाही.

मिक्श्चर स्क्रूबद्दल एक गोष्ट, कारण किटमध्ये नवीन स्क्रू येतो आणि लोक तो कसाही फिरवतात. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर काढला की लीन होतं. हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन मग साधारण दीड ते अडीच फेरे बाहेर, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल, आणि सेटिंग गरम इंजिनवरच. जुना स्क्रू काढायच्या आधी तो किती फेऱ्यांवर होता ते मोजून लिहून ठेवा.

किटमध्ये जे यायला हवं होतं आणि नाही ते म्हणजे चोकच्या प्लंजरचं रबर. ते झिजलं किंवा चोकची केबल ताणलेली राहिली तर चोक थोडा उघडाच राहतो आणि गाडी दिवसभर पेट्रोल पिते. माझं ठीक होतं, पण तुम्ही बघून घ्या. ज्यांच्या कार्बोरेटरला डायफ्राम (रबरी पडदा) आहे त्यांनी खोलताना तो उजेडात ताणून बारीक चीर आहे का बघा, आणि त्यावर क्लीनर स्प्रे अजिबात मारू नका, रबर फुगतं. ओ-रिंग कुठल्या रबराच्या आहेत हे पाकिटावर नाही, म्हणून मी परवा मुद्दाम बाऊल उघडून बघितलं. चार महिने इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये राहून त्या फुगलेल्या नाहीत. गॅसकेट पण कोरडं.

माझ्याकडून ५ पैकी ३. फ्लोट निडल, गॅसकेट आणि ओ-रिंग सुट्ट्या मिळत नसतील तर किट जरूर घ्या. ओव्हरफ्लो होणारी गाडी असेल तर डोळे झाकून घ्या. पण ॲव्हरेजसाठी घेत असाल तर निडल आणि निडल जेट ओरिजिनलच टाका आणि तुमचे जुने जेट फेकू नका. विकणाऱ्याला मी मेसेज करून सांगितलंय की निडलचा व्यास आणि जेटचं माप पाकिटावर छापा, उत्तर अजून आलेलं नाही. किटमधले जेट आणि निडल मी वेगळ्या डबीत ठेवून वर "बसवू नका" असं लिहिलंय, घरात दुसरं कुणी सर्व्हिसिंग करताना चुकून हातात येऊ नयेत म्हणून.