आईच्या प्रवासांचे पुस्तक : जुनी छायाचित्रे छापून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

आमची आई गेल्या वर्षी ८८ व्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला येणाऱ्या आप्तांच्या हाती तिची काही आठवण द्यावी, असे आम्हां तिन्ही भावंडांच्या मनात होते, आणि तिच्या ट्रंकेतून ३४० छायाचित्रे निघाली तेव्हा ती आठवण पुस्तकरूपानेच द्यायची हे ठरून गेले. पुण्यात नारायण पेठेत जुनी छायाचित्रे स्कॅन करून त्यांचे बांधीव पुस्तक करून देणारे एक छोटे दुकान आहे. काम त्यांच्याकडे सोपवले. ते पूर्ण व्हायला सांगितलेल्या दीड महिन्याऐवजी अडीच महिने लागले.

वडील भुसावळला रेल्वेत होते. रेल्वेचा पास मिळत असे आणि आईने तो एकाही वर्षी वाया जाऊ दिला नाही. काशी, रामेश्वर, कन्याकुमारी, हरिद्वार, जगन्नाथपुरी अशी ती हिंडली. पण एकटी किंवा केवळ नवऱ्याबरोबर असा तिचा एकही प्रवास नाही. विधवा आत्या, सासूबाई, शेजारच्या घरातील परीक्षा संपलेली मुलगी, कोणी ना कोणी बरोबर असेच, आणि ज्यांची नावे पासवर बसत नसत त्यांच्या तिकिटांचे पैसे ती वर्षभर डब्यात साठवत असे. प्रत्येक छायाचित्राच्या मागे तिने शिसपेन्सिलीने गाव, तिथी, बरोबर आलेल्यांची नावे आणि त्याखाली, एक रेघ ओढून, घरी राहिलेल्यांची नावे लिहिली आहेत. कोणासाठी काय आणले तेही तिथेच आहे: ‘आक्कांना गंगेचा गडू’, ‘बाळूला शंख’.

या दुकानाचे मोठेपण मला इथे जाणवले. आधी ज्या दोन ठिकाणी चौकशी केली होती, तिथे केवळ पुढची बाजू स्कॅन करण्याचा दर सांगितला गेला. इथल्या बाईंनी पहिला अल्बम उघडताच एक छायाचित्र हलकेच उलटे केले, मजकूर वाचला आणि मागच्या बाजूही घ्याव्या लागतील असे आपणहून सांगितले. पुस्तकात आता डाव्या पानावर आईचे अक्षर आणि उजव्या पानावर छायाचित्र आहे.

तांत्रिक बाजूही चोख आहे. साठच्या दशकातील अल्बम काळ्या कागदाचे होते. त्यांतील छायाचित्रे कोपऱ्यांतून सहज सुटली. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम मात्र घातकी निघाले, कारण त्यांचा डिंक पिवळा पडून छायाचित्रांच्या पाठीला धरला होता. ती ओढून न काढता पानामागून बारीक धागा सरकवत एकेक सोडवण्यात आली, आणि एकही फाटले नाही. स्कॅन ६०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू या बारकाईने, केले. छपाईला ३०० डीपीआय पुरतात, त्यामुळे साडेतीन बाय पाच इंचांचे छायाचित्र सात बाय दहा इंचांपर्यंत मोठे करूनही रेखीव राहिले.

आता उणिवा. पहिल्या नमुना-प्रतीत धनुष्कोडी स्थानकावरील छायाचित्राखाली १९६९ हे साल छापले होते. ते स्थानक डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले, तेव्हा १९६९ साली आई तिथे फलाटावर थोरल्या भावाला कडेवर घेऊन उभी असणे शक्यच नव्हते. तिने लिहिलेल्या १९६१ मधील शेवटचा एक, नऊ म्हणून वाचला गेला होता. त्याच प्रवासातील कन्याकुमारीच्या छायाचित्रात समुद्रातला खडक मोकळा आहे, आणि १९७२ च्या छायाचित्रात त्यावर विवेकानंद स्मारक उभे आहे. ही दोन्ही आम्ही समोरासमोर घ्यायला सांगितली. मजकूर जुळवणाऱ्याने घरातील माणसाकडून सनावळी तपासून घेतल्याशिवाय पाने पुढे पाठवू नयेत.

रंगांच्या बाबतीत दुसरी चूक झाली. त्या काळच्या रंगीत छायाचित्रांतील निळसर रंगद्रव्य अंधारातही विटत जाते आणि चित्र तांबडे होते. ते दुरुस्त करताना हरिद्वारच्या घाटावर आईने नेसलेली चिंतामणी रंगाची साडी निव्वळ निळी झाली. साडी अजून कपाटात आहे; ती मी दुकानात नेली, आणि खिडकीच्या उजेडात तिच्याशी ताडून रंग पुन्हा लावण्यात आला. याबद्दल त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत.

मला खरोखर लागली ती तिसरी गोष्ट. डाग काढणाऱ्या संगणकप्रणालीने आईच्या हनुवटीवरचे गोंदण डाग समजून सात छायाचित्रांतून पुसले होते. ते लहानपणी खान्देशात, तिच्या आजोळी, काढलेले होते. मूळ स्कॅन जपून ठेवलेले असल्यामुळे ते परत आणता आले, पण आम्ही बारकाईने पाहिले नसते तर आईचा चेहरा बदलून छापला गेला असता. इथे काम देणाऱ्याने चेहऱ्यांना हात लावू नये असे पहिल्याच दिवशी लेखी द्यावे.

परदेशची पाने थोडी आहेत. धाकट्या बहिणीच्या दोन्ही बाळंतपणांना आई कॅनडात गेली, सामानात डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन. नायगाऱ्याच्या छायाचित्रामागेही रेघेखाली आम्हां सर्वांची नावे आहेत.

९६ पानांच्या पहिल्या प्रतीला स्कॅनिंगसह १८,५०० रुपये पडले, पुढच्या प्रत्येक प्रतीला २,२००. शिवण धाग्याची असल्यामुळे पुस्तक पूर्ण उघडते आणि मधले अक्षर दबत नाही. मूळ छायाचित्रे आम्हांला आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत, आईने लावलेल्या क्रमानेच परत मिळाली. विलंब आणि पहिल्या प्रतीतील चुका धरूनही, घरात अशी ट्रंक असलेल्या कोणालाही मी हे दुकान सुचवीन. आत्याच्या नातवंडांसाठी आणखी चार प्रती मी कालच सांगून आलो आहे.