टेनिस क्रिकेटची स्पर्धा लाईव्ह दाखवायची आहे: सिम, डिश की बाँडिंग?

भातकापणी झाली की रायगड, ठाणे, पालघरात खाचरांची मैदानं होतात आणि टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. मुंबईत नोकरीला असलेली, आखातात गेलेली गावची पोरं सामना फोनवर पाहतात. त्यामुळे मंडळाच्या बैठकीत आता चषकाबरोबर लाईव्हचाही विषय निघतो. मैदान गावाबाहेर, तिथे केबल नाही, म्हणजे चित्र हवेतूनच बाहेर न्यायचं. त्यासाठी तीन वाटा आहेत: एका सिमवर थेट, जवळच्या फायबरवरून नेट हवेतून आणणाऱ्या डिशच्या जोडीने, किंवा अनेक सिम एकत्र बांधून, म्हणजेच बाँडिंग.

निवड करताना बहुतेक जण स्पीड टेस्टमधला मोठा आकडा पाहतात. तो डाउनलोडचा असतो आणि आपल्या काही कामाचा नसतो. आपल्याला हवा अपलोड, म्हणजे मैदानातून बाहेर जाणारा वेग, आणि तोही सर्वांत वाईट वेळेचा. यूट्यूबच्या शिफारशीप्रमाणे 720पी (चित्राची बारकाई), सेकंदाला 30 फ्रेमसाठी सुमारे 4 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), 60 फ्रेमसाठी 6 आणि 1080पी, 30 फ्रेमसाठी 10 एमबीपीएस लागतात. अपलोड पुरत असेल तर क्रिकेटला मी 720पी आणि 60 फ्रेमच घेईन. चेंडू वेगात जातो, तिथे बारकाईपेक्षा फ्रेम जास्त उपयोगी पडतात. आणि लागतो त्याच्या दीडपट ते दुप्पट अपलोड सतत मिळायला हवा.

एक सिम, एक फोन

सगळ्यात स्वस्त, पाच मिनिटांत सुरू. सकाळी साखळी सामने सुरू असताना, मैदानावर पन्नास-शंभर माणसं असताना, हे उत्तम चालतं. अडचण फायनलला येते. टॉवरची क्षमता त्या भागातले सगळे फोन वाटून घेतात, आणि फायनलला हजारभर माणसं रील टाकत असतात. शिवाय 2300 मेगाहर्ट्झवरचा 4जी आणि 3500 मेगाहर्ट्झवरचा 5जी एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवतात आणि घेतात. त्या वेळेचा मोठा वाटा डाउनलोडला दिलेला असतो. म्हणून डाउनलोड दोनशे दिसतो आणि अपलोड मात्र गर्दीत एक-दोनवर येतो. जो सामना पाहायला सगळे थांबलेले असतात, तोच अडकतो.

पॅकचा हिशेबही आधी करा. 6 एमबीपीएसने तासाला 2.7 जीबी जातात. दिवसाला 2 जीबीचा पॅक पाऊण तासात संपतो आणि पुढे वेग 64 केबीपीएसवर येतो. अमर्याद 5जी असलेला प्लॅन घेतला तरी मैदानावर फोन 4जीवर उतरला की दिवसाची मर्यादा पुन्हा लागू होते. एप्रिल-मेच्या उन्हात तोच फोन कॅमेरा, तोच हॉटस्पॉट, असं करू नका. तापलेला फोन स्वतःच वेग कमी करतो.

डिशची जोडी

गावात कुणाच्या तरी घरी फायबर असतंच. त्या घराच्या गच्चीवर एक छोटी डिश, मैदानाच्या मंडपावर दुसरी, दोन्ही एकमेकींकडे तोंड करून. ही उपकरणं 5 गिगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्यातल्या वारंवारता भारतात 2018 साली परवान्यातून मोकळ्या झाल्या, फक्त ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत राहायचं. जोडीचा खर्च साधारण एका मध्यम फोनइतका, आणि ती पुढची अनेक वर्षं मंडळाच्या मालकीची राहते. गर्दी वाढली तरी फरक पडत नाही, कारण या वाटेवर प्रेक्षकांचे फोन येतच नाहीत. बऱ्याच फायबर योजनांत अपलोडही डाउनलोडइतकाच मिळतो.

अट एकच आणि ती कडक आहे: मधे काही नको. डिश नुसती दिसून भागत नाही. अंतर 1 किलोमीटर असेल तर वाटेच्या मध्यावर सरळ रेषेच्या चहूबाजूंनी साडेतीन मीटरचा पट्टा लहरींना लागतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त तरी मोकळा हवा. मधे आंब्याचं झाड आलं, तर पानांतलं पाणी लहरी खाऊन टाकतं. म्हणून खांब उंच करायची तयारी ठेवा. दुसरी गोष्ट वीज. मैदानावर जनरेटर असतो, पण घरात वीज गेली की तिथला राउटर आणि डिश दोन्ही बंद पडतात. त्या घरी इन्व्हर्टर आहे का, हे पहिल्यांदा विचारा. आणि ज्यांच्याकडे एअरफायबर आहे त्यांचं घर निवडू नका. ते बऱ्याच ठिकाणी 5जी टॉवरवरूनच येतं, म्हणजे गर्दीत पुन्हा त्याच रांगेत.

बाँडिंग

वृत्तवाहिन्यांचे प्रतिनिधी पाठीवर जी पिशवी घेऊन फिरतात ती हीच. लाईव्हयू, टीव्हीयू ही त्यातली नावं. एकाच चित्राचे तुकडे चार-सहा सिमवरून जातात आणि पलीकडच्या सर्व्हरवर पुन्हा जुळतात. एक सिम बसलं तरी बाकीची ओढून नेतात. मैदानाजवळ फायबर नसेल, किंवा झाडी-डोंगर आड येत असेल, तर फायनलसाठी ही पिशवी भाड्याने घेणं मला पटतं. लॅपटॉपवर स्पीडिफायसारखं सॉफ्टवेअरही हे काम बऱ्यापैकी करतं.

इथे फसगत होते ती दोन सिमच्या राउटरमध्ये. त्यातले बरेच राउटर एक सिम बंद पडलं की दुसऱ्यावर जातात, एवढंच करतात. त्या बदलात लाईव्ह तुटतं. जोडणारा सर्व्हर मधे नसेल तर ते बाँडिंग नाही, दुकानदार काहीही म्हणो. आणि एकाच कंपनीची चार सिम घेऊन उपयोग नाही, चारही त्याच टॉवरवर भांडतात. निरनिराळ्या कंपन्यांची घ्या.

वाट कुठलीही निवडली तरी पाठवायची पद्धत वेगळी ठरवावी लागते. यूट्यूबला चित्र पाठवायची नेहमीची पद्धत आरटीएमपी, ती टीसीपी या नेटच्या नियमावर चालते: एक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं थांबतं, आणि हलत्या नेटवर ही रांग वाढत जाते. 2017 मध्ये खुलं झालेलं एसआरटी ही दुसरी पद्धत, ते ठरवलेल्या मुदतीत हरवलेलं पॅकेट पुन्हा मागतं, मुदत टळली की सोडून पुढे जातं. चित्रात क्षणभर डाग पडतो, पण सामना चालू राहतो. त्याची मुळातली मुदत 120 मिलिसेकंद असते. मोबाईल नेटवर ती दीड-दोन सेकंदांपर्यंत न्या, प्रेक्षकाला फरक कळत नाही. डिश आणि फायबरवर मात्र आरटीएमपी पुरतं. तिथे एसआरटीसाठी मधला सर्व्हर उभा करण्याची खटपट मी करणार नाही.

मैदानातल्या कॅमेऱ्यापासून टेबलापर्यंत वायरच टाका. एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला लावतो ती केबल, लांब जात नाही, पण चांगल्या केबलवर एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांचं कनेक्शन) आणि नेटवर्कची केबल दोन्ही शंभर मीटरच्या आसपास पोहोचतात. सीमारेषेला तेवढं पुरे. फिरत्या कॅमेऱ्याला वायफाय लागलंच, तर 5 गिगाहर्ट्झवर स्वतःचा राउटर लावा आणि पासवर्ड समालोचकालाही देऊ नका. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत, 1, 6 आणि 11, आणि ते प्रेक्षकांच्या हॉटस्पॉटनी आधीच भरलेले असतात.

फायबरचं घर दिसत असेल तर डिश घ्या आणि खिशात एक सिम राखीव ठेवा. घर दिसत नसेल आणि बक्षिसाची रक्कम मोठी असेल, तर बाँडिंग. एक दिवसाची, गावच्या आठ संघांची स्पर्धा असेल, तर एक सिम, 720पी, 30 फ्रेम, आणि तो फोन मंडपाच्या वर, सावलीत, टॉवरच्या दिशेच्या बाजूला बांधलेला.

चॅनेल नवीन असेल तर लाईव्हची सोय सुरू व्हायला 24 तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून ती आठवडाभर आधीच करून ठेवा. फोनमधल्या यूट्यूब ॲपवरून थेट जायचं असेल तर किमान 50 सदस्यही लागतात. आणि 12 तासांपेक्षा लांबलेल्या लाईव्हचं रेकॉर्डिंग नीट राहत नाही, तेव्हा दोन दिवसांच्या स्पर्धेला रोजचं लाईव्ह वेगळं सुरू करा.