फॉर्म बीची सहामाही तपासणी: पंप चोख, डक्टचं दार बंदच

तेरा मजली सोसायटीसाठी परवानाधारक एजन्सीकडून घेतलेल्या अग्निसुरक्षा तपासणीला पाचपैकी तीन गुण. फॉर्म बी म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं अशा एजन्सीचं प्रमाणपत्र.

पंपाचं काम खरोखर चांगलं झालं. लाइनमधला दाब उतरवून जॉकी (दाब टिकवणारा छोटा पंप) आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू होतो का ते पाहिलं, वीज तोडून डिझेल पंपही चालवला. सर्वांत वरच्या हायड्रंटला (आग विझवायच्या पाण्याच्या नळाला) होज जोडून, पाणी सोडून दाब मोजला. ३.५ बार हवा, तेवढा मिळाला. बऱ्याच ठिकाणी पंप रूममधल्या गेजचा फोटो काढून काम उरकतात. पाणी वाहत नसताना तो काटा छानच दिसतो.

राहिलं ते बंबवाल्यांच्या जिवाशी खेळणारं. विजेच्या डक्टमध्ये, म्हणजे केबली मजल्यामजल्यांतून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीत, केबलभोवतीची भोकं प्रत्येक स्लॅबला फायर सीलंटने बुजलेली हवीत. इंटरनेटच्या केबली ओढताना सहाव्या-सातव्या मजल्यावरचं सील फुटलंय आणि वर नुसता पीओपीचा थर मारलाय. तपासनिसाने ते दार उघडलंच नाही. आग आठव्यावर असली की जवान सातव्यावर होज जोडून वर चढतात. पण आग खालून, डक्टमधूनच आली असेल, तर तो धूर त्यांच्या पाठीमागून निघून जिना भरतो आणि परतीची वाट बंद होते. गच्चीवरच्या सोलर पॅनलचंही तेच. मेन स्विच पाडला तरी उन्हात पॅनलपासून येणारी डीसी केबल जिवंत राहते. तिचा आयसोलेटर (ती तोडायचा स्विच) कुठे आहे, हे तळमजल्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

या दोन्ही गोष्टी एजन्सीच्या माणसाला विचारल्यावर उत्तर आलं, "सेक्रेटरींना तोंडी सांगू." हे चालणार नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक-भोगवटादारांवर टाकली आहे. जानेवारी आणि जुलैतला फॉर्म बी तिचा फक्त एक भाग. निष्काळजीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि धोका माहीत होता असं दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ पुढे येतं. लॉस एंजेलिसमध्ये २०११ साली एका वास्तुविशारदाच्या घराला लागलेल्या आगीत छत कोसळून अग्निशमन जवान गेला. फक्त बाहेर वापरायची शेकोटी त्या वास्तुविशारदाने अंतिम तपासणीनंतर घरात बसवली होती. त्याला वर्षभराची कैद झाली.

जुलैच्या वर्क ऑर्डरमध्ये हे घाला: डक्टचं प्रत्येक दार उघडून मजलानिहाय फोटो, दोषांची लेखी यादी, दुरुस्तीनंतर फेरतपासणी. आणि गेटवर जवानांसाठी एक तक्ता, ज्यात डीसी आयसोलेटर, गॅसचा मेन व्हॉल्व्ह आणि फायर लिफ्टचा स्विच नकाशासह दाखवलेला असेल. फेरतपासणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.