इव्हेंट कॅमेरा घ्यायचा की साधा ग्लोबल शटरवालाच बरा?

रोबोटसाठी किंवा मशीनवरच्या तपासणीसाठी कॅमेरा घ्यायचाय आणि डोळ्यासारखा चालणारा इव्हेंट सेन्सर की नेहमीचा ग्लोबल शटरवाला (म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपून अख्खं चित्र देणारा) यात अडकला असाल, तर स्पेक शीट नंतर बघा, आधी एवढंच ठरवा की तुम्हाला जे बघायचंय ते हलतं का.

मी पहिल्यांदा इव्हेंट कॅमेऱ्यासमोर हात हलवला तेव्हा स्क्रीनवर बोटांच्या नुसत्या कडा ठिपक्याठिपक्यांनी उमटल्या, मस्त वाटलं, मग हात थांबवला आणि हात गायब! मला वाटलं केबलच सुटली. पण तो बिचारा बरोबरच काम करत होता.

साधा कॅमेरा ३० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं घेताना, दर ३३ मिलिसेकंदांनी अख्खं चित्र पाठवतो, समोरची भिंत तसूभर बदललेली नसली तरी. इव्हेंटवाल्यात प्रत्येक पिक्सेल आपापला जागा असतो, उजेड ठराविक प्रमाणात बदलला की तेवढाच निरोप पाठवतो, कुठे, कधी, वाढला की कमी झाला, बस. डोळाही असाच कंजूष आहे, रेटिनात, म्हणजे डोळ्यातल्या पडद्यात, १२ कोटींच्या आसपास उजेड टिपणाऱ्या पेशी पण मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाख. हे सिलिकॉनवर उतरवायचं काम कॅलटेकमध्ये मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सुरू केलं, १९९१ पर्यंत त्यांचा सिलिकॉन रेटिना जगापुढे आला होता.

आता खरी तुलना. वेग आणि उजेड यात इव्हेंटवाला सरळ पुढे. वेळेची नोंद मायक्रोसेकंदांत, त्यामुळे गरगर फिरणारा पंखा किंवा उडणारे कण पुसट होत नाहीत. डायनॅमिक रेंज १२० डीबीच्या घरात, म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या आणि सगळ्यात उजळ भागात दहा लाखपटीचा फरक असला तरी चालतं, साध्या सेन्सरचं ६० डीबी म्हणजे हजारपट. बोगद्यातून उन्हात येणारी गाडी डोळ्यासमोर आणा.

पण बारकोड वाचायचाय, रंग ओळखायचाय, स्थिर पार्टवरचा ओरखडा शोधायचाय, तर साधाच घ्या, विषय संपला. रिझोल्यूशनमध्येही तोच पुढे, सोनीचा आयएमएक्स६३६ हा इव्हेंट सेन्सर १२८०×७२०चा आहे. आणि कॅमेराच रोबोटवर बसून हलणार असेल तर समोरचं सगळंच 'बदलतं', मग कमी डेटाचं कौतुक तिथेच संपतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सॉफ्टवेअर खातं. चित्र ओळखणारी तयार एआय मॉडेलं फ्रेम म्हणजे अख्खी चित्रं मागतात, म्हणून लोक इव्हेंट गोळा करून परत फ्रेम बनवतात, आणि मग ज्या वेगासाठी एवढा खर्च केला तोच बराचसा घालवून बसतात (मीही हेच केलंय). टीममध्ये हे शिकायला कोणी मोकळं नसेल तर दोन्ही देणारा डेव्हिससारखा सेन्सर बघा, त्याच पिक्सेलमधून फ्रेमही मिळतात नि इव्हेंटही, पण डेव्हिस३४६ फक्त ३४६×२६० चा आहे हे धरून चाला.

सेन्सरमध्येच न्यूरल नेटवर्क चालवणारे प्रकार वाचायला भारी आहेत, व्हिएन्नातल्या टीमने २०२० मध्ये करून दाखवलंय, पण ते ३×३ पिक्सेलच्या चित्रावर, तेव्हा सध्या सोडा.

डेमो मागाल तेव्हा तुमच्याच लाइटखाली मागा, कारण ५० हर्ट्झवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपल्याला कळत नाही, या कॅमेऱ्याला कळतं आणि स्क्रीनभर ठिपके नाचायला लागतात.