जुन्या टू-स्ट्रोकला मापावरून घेतलेली ऑइल सील: आठ महिन्यांनंतर

गरम झाल्यावर गाडीची रेस आपोआप चढायची आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी खाली यायला वेळ लावायची. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. गियर ऑइल दर थोड्या दिवसांनी कमी झालेलं दिसायचं, पण गाडीखाली एक थेंब नाही. टू-स्ट्रोक चालवणाऱ्याला एवढ्यावरून कळतं की दोन्ही बाजूंची क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या फिरत्या क्रँक शाफ्टभोवती तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, गेली आहेत. क्लचच्या बाजूने इंजिन गियर ऑइल ओढून जाळत होतं आणि मॅग्नेटच्या बाजूने हवा खेचत होतं. धुरापेक्षा मला त्या हवेची भीती जास्त होती. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत इंजिन सीझ होतं.

गाडीचं मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. आधी मी संपूर्ण इंजिनचं स्वस्तातलं सील किट घेतलं. अडीच महिन्यांत धूर परत आला. सील काढून पाहिलं तर लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबराची कड, कडक होऊन चकाकत होती, नखाने दाबली तरी दबत नव्हती. मग ‘ओरिजिनल’ जुना स्टॉक शोधला आणि किटपेक्षा बरेच जास्त पैसे मोजले. पाकीट कोरं होतं, पण आतलं रबर आधीच म्हातारं झालं होतं. ठेवणीतल्या रबरासाठी आयएसओ २२३० हे मानक आहे. त्यात नायट्राइलचा (साध्या सीलच्या रबराचा) पहिला साठवण काळ ७ वर्षांचा धरलेला आहे आणि तोही नीट साठवलेल्या मालाचा. माझ्या पाकिटावर तारीखच नव्हती. या खरेदीचं मला आजही वाईट वाटतं.

वाट सापडली ती जुन्या सीलच्या पाठीवर. घासून पुसल्यावर २५ ४० ८ असे आकडे दिसले: शाफ्टचा व्यास, बसायच्या जागेचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. हे माप माझ्या गाडीपुरतं नाही. पंप, गिअरबॉक्स, शेतीची यंत्रं, सगळीकडे अशीच सील लागतात. म्हणून गाडीचं नाव न सांगता बेअरिंगच्या दुकानात फक्त माप सांगितलं आणि काउंटरवर सील आलं, ओरिजिनलपेक्षा कितीतरी स्वस्त. ज्या सीलवरचे आकडे पुसले गेले होते, तिथे सील मोजण्यापेक्षा शाफ्ट आणि बसायची जागा व्हर्नियरने मोजली. दबलेलं जुनं रबर खरं माप देत नाही.

मापाइतकंच मटेरियल विचारा. साधं काळं सील एनबीआरचं, म्हणजे नायट्राइलचं असतं आणि साधारण १०० अंशांपर्यंत बरं चालतं. एफकेएम, म्हणजे फ्लोरो रबर, २०० अंशांच्या आसपास टिकतं. बऱ्याचदा ते तपकिरी असतं, पण रंगावर विश्वास ठेवू नका, दुकानदाराकडून कोड वाचून घ्या. ७,००० आरपीएमला २५ मिमी शाफ्टचा पृष्ठभाग लिपखालून सेकंदाला साधारण ९ मीटर वेगाने जातो. त्या घासण्याने लिप तापते, म्हणून दोन्ही क्रँक सील मी एफकेएमची घेतली. किक शाफ्ट आणि पुढच्या स्प्रॉकेटला एनबीआरच घातलं, तिथे जास्त खर्च करण्यात अर्थ नाही.

क्रँकसाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते. साधं सील फार तर अर्ध्या बारपर्यंतच्या दाबासाठी बनवलेलं असतं आणि टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये प्रत्येक फेरीला दाब आणि ओढ दोन्ही येतात. दाबासाठी बनवलेलं, आखूड आणि जाड लिपचं सील मिळालं तर तेच घ्या. मला क्लच बाजूला ते मिळालं, मॅग्नेट बाजूला नाही. तिथे साधं दोन लिपचं सील (दुकानात त्याला ‘टीसी’ म्हणतात) आहे आणि आजवर त्याने तक्रार केलेली नाही.

बसवताना खाचा असलेल्या शाफ्टवर पातळ टेप गुंडाळली, लिपला ग्रीस लावलं आणि बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने चारही बाजूंनी सारखं ठोकत नेलं. पहिल्या किटच्या वेळी मी टेप लावली नव्हती. लिपला तेव्हाच चीर गेली असेल, तर सगळा दोष त्या किटचा नाही, हेही सांगायला हवं.

आठ महिन्यांत गाडी साडेपाच हजार किलोमीटर चालली. गेल्या वेळी गियर ऑइल बदलताना मोजलं: ६५० मिली घातलं होतं, ६३० परत निघालं. गरम इंजिन चालू ठेवून मॅग्नेट बाजूला कार्ब क्लीनर मारून पाहिला, रेस हलली नाही, म्हणजे तिथून हवा आत जात नाही. प्लगचा रंगही फिकटाचा चॉकलेटी झाला.

गियर लिव्हरच्या शाफ्टने मात्र छळलं. नवं सील घालूनही दर आठवड्याला ओल दिसायची. शाफ्टवर लिप जिथे घासते तिथेच गंजाचे खड्डे होते. बारीक पॉलिश पेपरनेही ते गेले नाहीत. शेवटी सील दीड मिलिमीटर कमी आत बसवलं, म्हणजे लिप शाफ्टच्या कोऱ्या भागावर आली. त्या दिवसापासून ती जागा कोरडी आहे.

मापावरून सील घेण्याची ही युक्ती सगळ्या इंजिनांना लागू नाही. काही क्रँक सीलच्या कडेला बाहेरून उंचवटा असतो आणि तो इंजिनच्या केसच्या (बाहेरच्या कवचाच्या) खाचेत अडकतो. तसं सील मापावरून मिळत नाही आणि बदलायला केस उघडावीच लागते. जुनं सील उपसण्याआधी टॉर्च मारून कड बघून घ्या.