पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र: विट्यातील एका वकिली कार्यालयाचा अनुभव

खानापूर तालुक्यातील गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरी मी वर्षाचा मोठा भाग दक्षिणेतल्या दुकानावर असतो आणि पत्नी गावी शेती सांभाळते. त्यामुळे तिच्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने व्यवहार पाहण्याचा लेखी अधिकार देणारा दस्त, करणे आम्हाला आवश्यक होते, आणि ते आम्ही विट्यातील एका वकिली कार्यालयाकडून करून घेतले. अशा कामासाठी कार्यालय निवडताना काय पाहावे हे इतरांना कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर नोंदवत आहे.

या कार्यालयाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला नाही. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कुलमुखत्यारपत्रात विक्री, गहाण, बक्षीसपत्र, कर्ज, बँक आणि कोर्टकचेरी असे सगळे अधिकार एका दमात लिहिलेले असतात, आणि ज्याला केवळ तलाठ्याकडे अर्ज देण्यापुरती सही हवी असते तोही नकळत जमीन विकण्याचा अधिकार देऊन बसतो. वकीलसाहेबांनी पहिल्या बैठकीत आम्हाला फक्त कामांची यादी विचारली. सातबारावरील पीकनोंद, फेरफाराचे अर्ज, विकास सोसायटीतील कागदपत्रे, द्राक्षबागेचा व्यापाऱ्याशी होणारा करार आणि भूसंपादनाच्या मोबदल्याबाबतची हजेरी, एवढीच आमची गरज निघाली; तेवढेच अधिकार गट नंबरांसह दस्तात आले, आणि विक्री, गहाण, बक्षीस व कर्ज हे अधिकार दिलेले नाहीत असे स्वतंत्र कलम टाकण्यात आले. बँकेचा विषय तर त्यांनी दस्तातून वगळलाच, कारण दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणाऱ्याने चालवायचे संयुक्त खाते असेल तर त्यासाठी मुखत्यारपत्र लागत नाही.

आपल्याकडे नवऱ्याने बायकोच्या कागदात अटी घातल्या की तो अविश्वास समजला जातो. माझ्या घरच्यांनीही तसे बोलून दाखवले. त्यावर वकीलसाहेबांनी पत्नीशी स्वतंत्रपणे बोलून जे समजावले, ते मला या संपूर्ण सेवेतले सर्वांत मोलाचे वाटते. नवरा परगावी असताना भावकीतला कोणी किंवा एखादा सावकार घरी येऊन बसतो आणि सहीसाठी गळ घालतो, तेव्हा अमर्याद अधिकार हातात असलेल्या स्त्रीला नकार देणे फार कठीण जाते. पण दस्तातच तो अधिकार नसेल तर तिला नाही म्हणायला कागदाचा आधार मिळतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यानंतर आमच्या भागात जमिनीची मागणी वाढली आहे, त्यामुळे हा धोका काल्पनिक नाही. मुखत्याराला, म्हणजे ज्याला अधिकार दिला त्याला, हिशेब द्यावा लागतो, हे 1872 च्या भारतीय करार अधिनियमातील बंधनही त्यांनी तिला सांगितले आणि व्यवहारांची वही ठेवण्याचा सल्ला दिला.

कधी जमीन विकायचीच वेळ आली तर त्या एकाच गटासाठी वेगळे खास मुखत्यारपत्र करावे, त्यात किमान किंमत लिहावी आणि रक्कम थेट मूळ मालकाच्या खात्यात जमा व्हावी, असे त्यांचे मत आहे. महाराष्ट्रात पती-पत्नीसारख्या जवळच्या नात्यात, मोबदला न घेता स्थावर विकण्याचा अधिकार दिला तरी मुद्रांक 500 रुपयेच लागतो, तर परक्याला तोच अधिकार दिल्यास खरेदीखताइतके शुल्क भरावे लागते. ही सवलत चांगली आहे; मात्र एवढ्या स्वस्तात सगळेच अधिकार देता येतात म्हणून ते दिलेही जातात, हे मला चिंतेचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही असे स्पष्ट केले, पण जोडीदाराला वा मुलांना व्यवहार पाहण्यासाठी दिलेली खरीखुरी मुखत्यारपत्रे वैध असल्याचेही त्याच निकालात म्हटले आहे.

नोटरीपुढे काम लवकर झाले असते. तरीही नोंदणीचा आग्रह कार्यालयाने धरला आणि तो योग्यच होता, कारण नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून पुन्हा मिळू शकते. दस्ताला त्यांनी तीन वर्षांची मुदत घातली, तसेच मूळ मसुद्यात राहिलेला ‘अपरिवर्तनीय’, म्हणजे रद्द न करता येणारा, हा शब्द स्वतःहून काढून टाकला.

उणिवाही लिहिणे आवश्यक आहे. मसुदा आमच्या हातात नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी आला, आणि त्यातली भाषा इतकी जुन्या वळणाची होती की पत्नीला काही वाक्ये दोनदा वाचून घ्यावी लागली. वाचून दाखवा म्हटल्यावर त्यांनी प्रत्येक कलम वाचून दाखवले, पण हे न सांगता व्हायला हवे. दस्त रद्द कसा करायचा याची माहिती केवळ तोंडी मिळाली, ही मला गंभीर त्रुटी वाटते. रद्द केल्याचे मुखत्याराला आणि ज्यांच्याशी तो व्यवहार करतो त्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरते ते लागू होत नाही. म्हणून रद्दपत्र नोंदवणे, नोटीस पाठवणे, सोसायटी व तलाठ्याला लेखी कळवणे आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना देणे, एवढे सगळे करावे लागते. पती-पत्नी विभक्त झाले म्हणून मुखत्यारपत्र आपोआप संपत नाही, हे तर आमच्या गावात फारच थोड्यांना ठाऊक असेल.

वृद्धापकाळाची तजवीज म्हणून हा दस्त करू पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. लिहून देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मानसिक संतुलन ढळले की मुखत्याराचा अधिकार संपतो, त्यामुळे मृत्युपत्राची जागा हा कागद घेऊ शकत नाही, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या पत्नीलाही या कागदाच्या जोरावर पुढे व्यवहार करता येत नाहीत. कार्यालयाने हे मी विचारल्यावर सांगितले.

फी सुरुवातीलाच ठरली आणि तिच्यात नंतर वाढ झाली नाही. मुदत संपल्यावर नवा दस्त आम्ही याच कार्यालयाकडून करून घेऊ, मात्र त्या वेळी मसुदा आठ दिवस आधी आणि रद्द करण्याची प्रक्रिया लेखी मागून घेऊ.